गुलाबभाऊचं सायन्स राह्यलं

शाळेत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक खडूची पूड आणि दुसरे किस्से. पूड निदान खिडकी उघडली की उडून जाते, किस्से मात्र ठाण मांडून बसतात. मला रिटायर होऊन चार वर्षं झाली. तरी जुन्या स्टाफपैकी कुणीही भेटलं, अगदी कुणाच्या तेराव्याला भेटलं, की पाचव्या मिनिटाला फर्माईश होतेच, "मॅडम, गुलाबभाऊचा तो सांगा ना!" आता 'तो' म्हणजे नेमका कुठला? ते काय एक-दोन आहेत?

आमची शाळा महागाव तालुक्यात, रस्त्याला लागून. मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची बदली इकडच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली, म्हणून आले आणि विज्ञान शिकवायला लागले. 'तोंडानं फटकळ आणि स्वतःला फार शहाणी समजते' असं माझं वर्णन तेव्हा स्टाफरूममध्ये व्हायचं. ते खोटं नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात जीव नाही आणि भावातही नाही. बाहेरून लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि आम्ही हसताना दिसलो की कॅमेरा बंद करायचे! पण शाळा साडेदहाला भरायची आणि समोर साठ पोरं बसलेली असायची. त्यांच्यासमोर रडून कसं चालेल? आम्ही हसायचो, आणि त्यात बराचसा वाटा गुलाबभाऊंचा असायचा.

गुलाबभाऊ आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. म्हणजे बीकर धुणं, बर्नर पेटवणं, बेडकाचा सांगाडा पुसणं हे सगळं त्यांच्याकडे. बावीस वर्षं त्यांनी ते केलं. इतक्या वर्षांत त्यांनी प्रायव्हेट फॉर्म भरून दहावीचे सगळे विषय एकेक करून सोडवले होते. एकच राहिला होता. कुठला? विज्ञान!

"माह्यं सायन्स राह्यलं," असं ते स्वतःची ओळख करून देताना सांगायचे. जयभीम, मी गुलाब, माह्यं सायन्स राह्यलं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळेचे सहाय्यक तीन वर्षांनी रिटायर होणार होते. ती जागा गुलाबभाऊंना मिळावी अशी हेडसरांचीही इच्छा होती. पण त्यासाठी दहावी पास पाहिजे. म्हणजे हातात तीन मार्च महिने. ती जागा गेली की बीकर धुतच रिटायर व्हायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

* * *

हा त्याच्याही बराच आधीचा, माझा शाळेतला पहिलाच आठवडा. प्रयोगशाळेची इन्चार्ज मी, त्यामुळे गुलाबभाऊंचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला. 'उद्या पुसदले माझी पेशी असल्याकारणाने एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.'

मला वाटलं, प्रयोगशाळेत राहून राहून माणूस विनोद करायला लागलाय. मीही शहाणपणा दाखवला. म्हटलं, "एकच पेशी? अहो, तुमच्या अब्जावधी पेशी आहेत!"

गुलाबभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्चीला धरून उभे राहिले.

"अब्जावधी? एका धुऱ्यापायी? बाप्पा!"

आमचे हिंदीचे खान सर चहा पीत होते. तो चहा त्यांच्या नाकातून आला. मग त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, की इकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. गुलाबभाऊंचा चुलतभावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खटला चालू होता. आठ वर्षं!

पण खरी मजा पुढे. त्याच महिन्यात मी वर्गात शिकवत होते, 'पेशीमध्ये ऊर्जा तयार होते.' गुलाबभाऊ मागे तक्ता टांगत होते. त्यांनी तिथूनच हात वर केला.

"मॅडम, तुमच्या पेशीत तयार होत असन. आमच्या पेशीत तं होती ते बी जाते!"

* * *

दरवर्षी मी एक प्रयोग करायचे. शाळेच्या कुंपणाशी जास्वंद होती. तिच्या पानांना काळ्या कागदाच्या पट्ट्या लावायच्या, दोन दिवस तशाच ठेवायच्या. मग पान तोडून आधी पाण्यात, मग स्पिरिटमध्ये उकळून त्यातला हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. जिथे ऊन लागलं तिथे पान निळंकाळं होतं, म्हणजे तिथे स्टार्च तयार झाला. पट्टीखाली होत नाही. उजेडाशिवाय झाड अन्न करू शकत नाही, हे सिद्ध!

कुंपणापलीकडे शेवंताबाईंचं शेत होतं. त्या वर्षी सगळ्यांच्या कपाशीवर लाल्या पडलेला. पानं लाल होऊन गळायची. शेवंताबाईंनी दोन दिवस माझ्या काळ्या पट्ट्या बघितल्या आणि तिसऱ्या दिवशी थेट स्टाफरूममध्ये आल्या.

"मास्तरीनबाई, माह्या पऱ्हाटीले बी बांधून दे ना. लाल्या गेला पाह्यजे."

मी भडकले. "आजी, ही काही करणी नाही! हे विज्ञान आहे. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका!"

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मला वाटलं, पटलं. त्यांना वाटलं, मास्तरीन मंत्र चोरून ठेवते.

दहा दिवसांनी परत आल्या. हातात कपाशीची फांदी. पानापानाला जुन्या छत्रीचं काळं कापड गुंडाळलेलं.

"लाल्या होता तो होता, आता पिवळ्या बी झाला!"

गुलाबभाऊंनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. "आजी, पान म्हंजे झाडाचं सैपाकघर. उनाची चूल. जमिनीतून पानी, हवेतून वायू, अन् उनावर सैपाक. तुमी चुलीवरच झाकन घातलं. उपाशी राह्यली ना पऱ्हाटी!"

मला फार बरं वाटलं. मी इतकं सोपं कधीच सांगितलं नव्हतं. शेवंताबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"मंग हे बाई दरसाल त्या जास्वंदीले कायले उपाशी मारते?"



* * *

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर गुलाबभाऊ परीक्षानळ्या धूत होते. मध्येच थांबले.

"मॅडम, एक इचारू? सैपाक पानात होते, हे समजलं. पन झाड जेवते कुठी?"

मी बी.एस्सी., बी.एड. मला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. म्हटलं, "प्रत्येक पेशीत. पानात साखर होते, ती मुळापर्यंत सगळीकडे जाते. प्रत्येक पेशी ती साखर ऑक्सिजन घेऊन जाळते, म्हणजे आगीशिवाय हळूहळू जाळते, आणि त्यातून ऊर्जा मिळते. तेच श्वसन. आपल्यातही तेच चालतं."

"मंजे सैपाक एका घरी, अन् डबा घरोघरी!"

"हो."

"अन् आपल्याले सैपाकच येत नाही. आपन त्याइच्या डब्यावर जगतो."

मी म्हटलं, "गुलाबभाऊ, हे असंच्या असं पेपरात लिहा. पास व्हाल."

त्यांनी लिहिलं. नापास झाले! तपासणाऱ्यानं पेपरात डबा शोधला नसणार, व्याख्या शोधली असणार. शिवाय त्याच पेपरात 'रात्री झाडाखाली झोपू नये, शास्त्रीय कारण लिहा' असा प्रश्न होता. गुलाबभाऊंनी लिहिलं होतं, 'मी तीस वर्षे बाभळीखाली झोपून शेताची जागल केली. मला काही झाले नाही.'

तीनपैकी एक मार्च गेला.

* * *

हा अगदी छोटा आहे. घटक चाचणीत मी विचारलं, 'रात्री प्रकाशसंश्लेषण का होत नाही?' त्या वर्षी आमच्याकडे वीज बारा-बारा तास जायची.

वर्गातल्या एकोणीस जणांचं उत्तर सारखंच, 'कारण रात्री लोडशेडिंग असते.'

मी पेपर घेऊन हेडसरांकडे गेले. म्हटलं, कॉपी झालीय. हेडसर गणिताचे, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी सगळी उत्तरं चष्म्यातून वाचली आणि म्हणाले, "कॉपी कशाची? खरं तेच लिहिलंय पोरांनी!"

* * *

हेडसरांचं नाव निघालंच आहे तर हरभऱ्यांचा सांगते.

मोड आलेले हरभरे श्वसन करतात, हे दाखवायचं होतं. हरभरे बंद पात्रात ठेवायचे, त्यातला वायू नळीनं चुन्याच्या निवळीत सोडायचा. निवळी दुधासारखी झाली की समजायचं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. प्रयोगशाळेतला चुना केव्हाच संपला होता. पण गुलाबभाऊ खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, खायचे, दिवसाला चार-पाच पुड्या. त्यामुळे पानठेल्यावर त्यांची चांगली ओळख. चुना तिथून फुकट यायचा. माझ्या नोकरीतल्या सगळ्या निवळ्या पानठेल्याच्या कृपेनं झाल्यात.

तर निवळी तयार. हरभरे वाटीत, ओल्या फडक्याखाली. प्रयोग चौथ्या तासाला. मधल्या सुट्टीनंतर बघते, तर वाटी रिकामी, शेजारी फडक्याची घडी. घडी घातली म्हणजे कोण ते कळलंच. एवढी शिस्त शाळेत एकाच माणसाला होती!

"सर, ते हरभरे..."

"छान होते. डॉक्टरांनी मला कडधान्यच खायला सांगितलंय. मीठ तेवढं विसरलात."

"सर, ते श्वसन करणार होते!"

मागून गुलाबभाऊ म्हणाले, "काई हरकत नाही मॅडम. आता सरच्या पेशीत करन."

पण खरी कमाल केली ती वर्गातल्या प्रज्ञानं. प्रज्ञा म्हणजे गुलाबभाऊंचीच मुलगी, तेव्हा आठवीत. तिच्या प्रयोगवहीत कृती शुद्ध अक्षरात लिहिलेली, आणि खाली: 'निरीक्षण: वाटीतील हरभरे नाहीसे झाले. अनुमान: हेडसरांना ऊर्जा मिळाली.'

मी दहापैकी दहा दिले.

* * *

दुसऱ्या मार्चमध्येही सायन्स राह्यलं. या वेळी मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला लावली आणि घेऊन बसले. गुलाबभाऊंना सगळं येत होतं. फक्त एक शब्द येत नव्हता. प्रकाशसंश्लेषण! एका ठिकाणी 'प्रकाशसंमेलन' लिहिलेलं. दुसऱ्या ठिकाणी 'प्रकाशसंशोधन'. तिसऱ्या ठिकाणी 'प्रकाशरावांचे लक्षण'!

"हे प्रकाशराव कोण?"

"मले बी तेच वाटलं मॅडम, की कोनी शास्त्रज्ञ असन."

मी म्हटलं, जो शब्द तोंडातून नीट निघत नाही तो हातातून काय निघणार? आधी म्हणायला शिका. म्हणा, सं-श्ले-षण. गुलाबभाऊंनी गालातला खर्रा एका बाजूला सारून प्रयत्न केला. 'श्ले'वर आले आणि माझी कोरी साडी लाल झाली!

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तोंडात तो खर्रा असेपर्यंत हा शब्द निघायचा नाही, शब्द निघेपर्यंत सायन्स निघायचं नाही, आणि सायन्स निघेपर्यंत ती जागा मिळायची नाही. आता तुम्हीच बघा!"

 दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ शाळेत आले ते रिकाम्या तोंडानं. आठ दिवस चिडचिड, डोकेदुखी, दोन बीकर फुटले. पण गडी टिकला.

त्यांच्या बायकोनं, शोभाताईनं, ही संधी सोडली नाही. वीस वर्षं तिनं खर्रा सोडवायला जंग जंग पछाडलं होतं. आता संध्याकाळी गुलाबभाऊ घरी आले, की ती दारात आडवी उभी राहायची.

"म्हना तो शब्द."

नीट म्हटला, तर "या घरात." अडखळला, तर ओट्यावर बसायचं, तोंड धुवायचं आणि पुन्हा म्हणायचं. शेजारीपाजारी बघायला यायचे. महिन्याभरात त्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा खणखणीत 'प्रकाशसंश्लेषण' म्हणायला लागली.

शोभाताई मला बाजारात भेटली, तेव्हा तिनं चक्क माझे हात धरले. "मॅडम, दवा केली, नवस केले, शपथा घातल्या. कायनं नाही सुटला. तुमच्या त्या शब्दाचं भलं होवो!"

सगळे खूश. नाखूश फक्त हेडसर. गुलाबभाऊंचं पानठेल्यावर जाणं बंद झालं, आणि निवळीचा चुना संपला!

"काय हो हे," हेडसर म्हणाले, "व्यसन सुटलं आणि विज्ञान अडलं!"

* * *

आता एक सांगते, त्यात मी हसत नाही.

तिसरं वर्ष. शेवटचा मार्च तीन महिन्यांवर. कापूस निघाला होता, पण खरेदी केंद्र उघडायचं नाव नाही. घरोघरी कापूस भरलेला. गुलाबभाऊंची तर समोरची खोली आढ्यापर्यंत भरली होती. प्रज्ञा आता दहावीत. बाप आणि लेक दोघंही कापसाच्या ढिगावर चढून अभ्यास करायचे आणि तिथेच झोपायचे. अंगाला खाज सुटायची.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतला मोठा थर्मामीटर गायब झाला. दोन दिवस शोधला. तिसऱ्या दिवशी तो गुलाबभाऊंच्या पिशवीतून डोकावताना दिसला. मी सगळ्या स्टाफसमोर त्यांना झाडलं. "बावीस वर्षं नोकरी केली, आणि आता सरकारी सामान घरी न्यायला लागलात? उद्या कोणत्या तोंडानं सहाय्यक होणार?"

 त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढला, माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी एक चोपडी ठेवली आणि ते बाहेर गेले.

चोपडीत पेन्सिलीनं रकाने आखले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ढिगाच्या वर किती तापमान, हातभर आत किती, मधोमध किती. पाच दिवसांच्या नोंदी. आतला आकडा दिवसागणिक वाढत गेलेला. खाली लिहिलं होतं, 'कापूस ओला भरला गेला. शोभा म्हणते कापसाले ताप आला. पण सरकी जिवंत आहे. श्वसन करते. साखर जाळते. म्हणून गरम. उकलून वाळवला पाहिजे.'

 मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. इतकी वर्षं मी हाच धडा शिकवत होते, आणि घरातल्या कापसात थर्मामीटर खुपसायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्यांना शोधलं. ते जास्वंदीला पाणी घालत होते. म्हटलं, "गुलाबभाऊ, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर माफी मागते."

"जाऊ द्या ना मॅडम. मी इचारून न्याले पाह्यजे होतं." मग हळूच हसले. "पन पाह्यलं का? श्वास घेऊन राह्यली ना सरकी?"

त्या रविवारी अर्धा स्टाफ त्यांच्या घरी गेला आणि कापूस अंगणात पसरून आला. हेडसरांनी त्याच्याही ओळी लावल्या.

* * *

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल. बाहेरचे परीक्षक आले. उंच, गंभीर, घड्याळाकडे बघणारे. मी विषयशिक्षक, पण त्या दिवशी तोंड बंद ठेवून कोपऱ्यात उभी. एकाच बॅचमध्ये बाप आणि लेक. गुलाबभाऊंनी पांढरा शर्ट घातलेला, केसांना तेल.

चिठ्ठ्या उचलल्या. गुलाबभाऊंना कुठला प्रयोग यावा? तोच! पान, काळी पट्टी, आयोडीन. मी मनातल्या मनात हात जोडले. हा प्रयोग तर ते झोपेतही करतील.

पण त्या दिवशी प्रयोगशाळेत सामान द्यायला दुसरा शिपाई होता. त्याला शंकुपात्र आणि फुलदाणी यातला फरक कळत नव्हता. एक पोरगी म्हणाली, "काका, ड्रॉपर?" गुलाबभाऊ उठले. दुसरा म्हणाला, "काका, बर्नर पेटत नाही." गुलाबभाऊ तिकडे. परीक्षकांनी हाक मारली, तर जागेवर कुणी नाही!

"तुम्ही उमेदवार आहात की शिपाई?"

"आज दोनी, सर."

तेवढ्यात टोकाच्या टेबलावर एकानं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा स्पिरिटचा बीकर सरळ ज्योतीवर ठेवला. गुलाबभाऊ तिथून ओरडले, "थांब बे! पान्यात ठेव, पान्यात!" तीन टेबलं ओलांडून गेले, बर्नर विझवला, बीकर बाजूला केला. क्षणभर उशीर झाला असता तर भडकाच उडाला असता.

परत जागेवर आले, तर त्यांचं स्वतःचं पान शिजून लगदा झालं होतं. वेळ संपली!

परीक्षकांनी चिमट्यानं तो लगदा उचलून बघितला.  समोर प्रज्ञा ओठ चावत उभी.

"यावरून मी काय समजायचं?"

"काई नाही, सर. हे पान गेलं."

"ठीक आहे. तोंडी सांगा. झाड श्वसन कधी करतं?"

आधीच्या अकरा जणांनी 'रात्री' म्हटलं होतं. अकराही चुकले होते.

"चोवीस तास, सर. सैपाकाले ऊन लागते, जेवाले लागत नाही. पान, मूळ, खोड, सगळेच जेवते. सरकी तं बोंडातून काढून घरात आनली तरी जेवत राह्यते. ओली असन तं जास्तच. गरम होते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"वाचलं नाही, सर. त्याच्यावर झोपलो होतो."

* * *

लेखी पेपर देऊन आले, तेव्हा मी विचारलं, "तो शब्द लिहिला?"

"सात वेळा लिहिला मॅडम. इचारला नोयता तिथी बी लिहिला!"

जूनमध्ये निकाल लागला. प्रज्ञा फर्स्ट क्लास, बाप काठावर. पण काठ तो काठ! गुलाबभाऊंनी दोन्ही मार्कलिस्टा एकाच पिशवीत घालून गावभर दाखवल्या. आधी लेकीची, मग स्वतःची. कोर्टाची पेशी तेवढी तशीच चालू होती.

जुलैत ऑर्डर आली. सहाय्यक म्हणून रुजू व्हायचा दिवस. सगळा स्टाफ प्रयोगशाळेत जमलेला. हेडसरांनी खुर्ची पुसून टेबलाशी काटकोनात लावलेली. शोभाताई शिऱ्याचा डबा घेऊन आली होती. शेवंताबाईसुद्धा कुंपणापलीकडून चालत आल्या.

आणि गुलाबभाऊ दारातच थांबले. बावीस वर्षं ज्या दारातून दिवसातून पन्नासदा आत-बाहेर केलं, त्याच उंबऱ्यावर पाय उचलेना. हातात ऑर्डर, डोळ्यांत पाणी. आत बघताहेत आणि नुसते उभे आहेत.

"अहो, या ना आत," मी म्हटलं.

"मुहूर्त काढायचाय का?" हेडसर म्हणाले. "दहा पस्तीस झाले!"

तरी हलेनात. तेव्हा शोभाताईनं डबा माझ्या हातात दिला, सगळ्यांना बाजूला सारत दाराशी गेली आणि नवऱ्यासमोर आडवी उभी राहिली.

"म्हना."

गुलाबभाऊंनी बाहीनं डोळे पुसले. सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रकाशसंश्लेषण!"

शोभाताई दारातून बाजूला झाली.

"जा घरात."